मागून येणारा स्क्रीन: डेफ बास्केटबॉल नेमका चालतो कसा

बास्केटबॉलमधला सगळ्यात डोकं फिरवणारा प्रसंग सांगतो. तुम्ही बॉलवाल्या प्लेअरला अडवताय, गुडघे वाकलेले, हात पसरलेले, नजर त्याच्या कमरेवर (खांदे आणि डोळे फसवतात, कंबर सहसा फसवत नाही), तो उजवीकडे निघतो, तुम्हीही त्याच्याबरोबर सरकता आणि धाडकन कुणावर तरी आपटता. त्याच्या टीममधला एक आडदांड गडी कधीचा तुमच्या मागे येऊन खांबासारखा उभा असतो. याला स्क्रीन म्हणतात, आणि हे पूर्ण नियमात बसतं. ऐकू येणाऱ्यांच्या टीममध्ये असं आपटणं त्यामानाने कमी होतं, कारण मागे उभा असलेला तुमचा सेंटर आधीच बोंबललेला असतो, "स्क्रीन, उजवीकडे!" आणि तुम्ही मान न वळवता अंग चोरून पलीकडून निघून जाता.

आता तोच सेंटर कितीही बोंबलला तरी तुम्हाला ऐकू येणार नाहीये असं धरा.

लोकांना वाटतं मॅच म्यूट करून बघितली की डेफ प्लेअरला कसं वाटत असेल ते कळेल. मीही तसंच समजायचो. पण म्यूट केलेल्या मॅचमध्ये कॅमेरा वरून सगळं कोर्ट दाखवत असतो, दहाच्या दहा प्लेअर तुमच्या समोर असतात, त्यामुळे तुमचं फारसं काही बिघडतच नाही. कोर्टवर उभ्या असलेल्या माणसाला हा कॅमेरा नसतो. कान चारी बाजूंनी उघडे असतात, झोपेतसुद्धा चालू असतात, डोळे मात्र फक्त पुढे आहेत आणि एका वेळी एकाच गोष्टीवर टिकतात. म्हणजे डेफ प्लेअरची खरी अडचण आवाज नसण्यात जेवढी आहे त्यापेक्षा जास्त ही आहे की कानाचं सगळं काम पण डोळ्यांवर येऊन पडतं, आणि डोळे आधीच बिझी असतात. ही एक गोष्ट पक्की धरली की डेफ बास्केटबॉलच काय, डेफ लोकांच्या घरातलं, मित्रमंडळीतलं, गप्पांमधलं बरंच काही आपोआप उलगडायला लागतं.

तर मग स्क्रीनचं करतात काय? एक म्हणजे मान सतत फिरती ठेवायची, बॉलवाल्याकडे बघता बघता अर्ध्या सेकंदाला मागे एक नजर. दुसरं, एक हात मागे अंदाज घेत ठेवायचा, कोणी जवळ आलं की हाताला लागतं. तिसरं, आपला माणूस जवळ असेल तर तो ओरडण्याऐवजी कमरेला टपली मारतो, डावीकडे टपली म्हणजे डावीकडून येतोय. आणि चौथं, जे मला सगळ्यात हुशारीचं वाटतं, ते म्हणजे बोलायची गरजच कमी करायची. मॅचच्या आधीच ठरवून टाकायचं की स्क्रीन आला की दरवेळी माणसं अदलाबदल करायची, विचारायचं नाही, सांगायचं नाही. किंवा सरळ झोन डिफेन्स लावायचा, म्हणजे प्रत्येकाने आपापला पट्टा सांभाळायचा, तोंडं बॉलकडे राहतात आणि मागे काय चाललंय याची चिंता कमी होते. ऐकू येणारी टीम जे निर्णय जागेवर ओरडून घेते ते इथे प्रॅक्टिसमध्येच घोटून घ्यावे लागतात, त्यामुळे चांगली डेफ टीम खेळताना बघितली की असं वाटतं यांना एकमेकांच्या मनातलं कळतंय. मनातलं वगैरे काही नाही, तीच चाल शेकडो वेळा केलेली असते.

गंमत म्हणजे फिबाच्या (बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमातही ही नजरेची गोष्ट आधीपासून आहे. उभ्या असलेल्या प्लेअरच्या नजरेच्या टप्प्याबाहेर, म्हणजे पाठीमागे, स्क्रीन लावायचा असेल तर त्याला एक नॉर्मल पाऊल टाकता येईल एवढी जागा सोडावी लागते. हा नियम सगळ्यांसाठी आहे, डेफ लोकांसाठी बनवलेला नाही, पण ते एक पाऊल ज्याला ओरडणं ऐकू येत नाही त्याच्यासाठी किती मोलाचं असेल बघा.

बास्केटबॉल तसा अर्धा खुणांचाच खेळ आहे. रेफरीने मूठ वर केली की फाऊल, उघडा पंजा वर केला की नियमभंग, छातीसमोर दोन मुठी गरागरा फिरवल्या की ट्रॅव्हलिंग (बॉल न आपटता चालणं), बोटांनी खांद्याला टॅप केलं की शॉट मारायला मिळणारे चोवीस सेकंद, म्हणजे शॉट क्लॉक, संपले. मोठ्या स्पर्धांमध्ये बोर्डाच्या कडेला लाल लाइट लागतो तो वेळ संपल्याचा, पिवळा लागतो तो शॉट क्लॉक संपल्याचा. हे सगळं हिअरिंग, म्हणजे ऐकू येणाऱ्यांच्या, मॅचमध्येही असतंच, कारण हजारो लोक ओरडत असताना बझर कुणालाच नीट ऐकू येत नाही. डेफ मॅचमध्ये याच गोष्टींवर सगळा भार असतो एवढंच. शिट्टी वाजते, पण ज्याची पाठ रेफरीकडे आहे तो आणखी दोन पावलं पळतो, कधी शॉटही मारून टाकतो, मग बाकीचे थांबलेले बघून त्याला कळतं. सगळेच तसे असल्यामुळे तिथे कुणी रागवत नाही. तोच प्लेअर हिअरिंग लीगमध्ये एकटा खेळत असला की मात्र पंचाईत होते, शिट्टीनंतर त्याने बॉल हिसकावला की समोरच्याला वाटतं मुद्दाम केलं, रेफरीला वाटतं उद्धटपणा चाललाय. म्हणून मॅचच्या आधी जाऊन रेफरीला स्वतःबद्दल सांगून ठेवणं हे डेफ प्लेअरच्या वॉर्मअपचाच भाग होऊन बसतं.

टाइमआऊट हा तर वेगळाच विषय आहे. फिबाचा टाइमआऊट एक मिनिटाचा. हिअरिंग कोच काय करतो, हातात छोटा बोर्ड घेतो, मार्करने रेघा मारतो आणि मारता मारता बोलतो, तू इथून कट मार, तू कोपऱ्यात थांब, वगैरे. प्लेअर बोर्ड बघतात आणि कानाने ऐकतात, दोन्ही एकदम. डेफ टीममध्ये हे जमत नाही, कारण तिथे बोलणं साइनमध्ये, म्हणजे हातांच्या खुणांच्या भाषेत चालतं, बोर्ड बघायचा तर हात दिसत नाहीत आणि हात बघायचे तर बोर्ड दिसत नाही. शिवाय कोच स्वतः साइन करत असेल तर त्याचेही हात मोकळे पाहिजेत, मार्कर धरलेल्या हाताने साइन करणं म्हणजे तोंडात घास कोंबून बोलण्यासारखं. मग बोर्डवर रेघा काढायच्या, थांबायचं, सगळ्यांचे डोळे वर येईपर्यंत वाट बघायची, साइन करायचं, परत बोर्ड. कोच हिअरिंग असेल आणि मध्ये इंटरप्रिटर असेल तर आणखी एक-दोन सेकंदांचा गॅप पडतो. एका मिनिटात तीन गोष्टी सांगणारा कोच इथे एकच सांगू शकतो, त्यामुळे कुठली सांगायची हे ठरवण्यातच त्याची हुशारी. खरं सांगू का, मला वाटतं बऱ्याच हिअरिंग कोचना पण ही सवय लागली तर बरं होईल.

पण एक फायदा आहे जो हिअरिंगवाल्यांना मिळत नाही. कोच लांब साइडलाइनवरून सगळ्या हॉलच्या गोंगाटात आख्खं वाक्य बोलू शकतो, घसा न ताणता, फक्त प्लेअरने एकदा त्याच्याकडे बघायला हवं. आणि समोरच्या टीमला ती भाषा येत नसेल तर गुपित गुपितच राहतं. येत असेल तर मात्र वाट लागते. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्लेअर गोल करून डोकी एकत्र आणतात ना, तो हडल, त्याची गोष्ट अशीच सांगतात की १८९४ मध्ये वॉशिंग्टनमधल्या गॅलॉडेटच्या टीमचा क्वार्टरबॅक पॉल हबर्ड याने तो सुरू केला, कारण समोर दुसरी डेफ टीम होती आणि ते यांच्या साइन्स वाचत होते. गॅलॉडेट म्हणजे डेफ विद्यार्थ्यांचं विद्यापीठ, १८६४ पासूनचं.

आता डेफ टूर्नामेंटमध्ये खेळायला कोण चालतं ते बघू. डेफलिंपिक्सचा (डेफ खेळाडूंचं ऑलिंपिक) नियम असा की दोन कानांपैकी जो चांगला आहे त्यात ५०० , १००० आणि २००० हर्ट्झला मिळून सरासरी ५५ डेसिबल किंवा त्याहून जास्त ऐकू येणं कमी झालेलं पाहिजे. या तीन फ्रिक्वेन्सी का, तर माणसाचं बोलणं मुख्यतः त्या पट्ट्यात असतं. डेसिबल हे मोजमाप साध्या बेरजेचं नसतं, दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते, म्हणजे ५५ हा आकडा दिसतो तेवढा छोटा नाही. साधं समोरासमोरचं बोलणं ६० च्या आसपास असतं, तर ५५ गेलेल्या माणसाला ते बोलणं कुठेतरी काठावर, पुसट ऐकू येईल, शब्द म्हणून कळेलच असं नाही.

आणि दुसरा नियम, जो ऐकून लोक चकित होतात: खेळताना हिअरिंग एड काढायचं. कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) असेल तर त्याचा बाहेरचा भाग काढायचा. सगळ्यांनी. कारण एकाला ६० गेलेलं, दुसऱ्याला १०० गेलेलं, त्यात एकाच्या कानात महागडं मशीन आणि दुसऱ्याच्या कानात काहीच नाही, असं असलं तर समान मैदान कुठे राहिलं? मला हा क्षण फार वेगळा वाटतो. बाकी सगळ्या खेळांत मैदानात उतरताना लोक सामान चढवतात, नीपॅड, टेप, बँड, आणि इथे बेंचवर बसून कानामागचं मशीन काढून छोट्या डबीत ठेवतात, डबी बॅगेत जाते, बॅगेची चेन बंद. जे लहानपणापासून मशीन लावत आलेत त्यांना सुरुवातीला हे फार विचित्र जातं, कारण त्यांचा मेंदू त्या थोड्याफार आवाजावर टेकलेला असतो, आणि काहींना त्यातच पहिल्यांदा कळतं की आपण डोळ्यांचा वापर किती कमी करत होतो.

डोळ्यांवरून आठवलं. "एक इंद्रिय गेलं की दुसरं तेज होतं" हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं आणि ते अर्धंच खरं आहे. जन्मतः डेफ असलेल्या, साइन करणाऱ्या लोकांची नजर काही जास्त तीक्ष्ण नसते, चष्मा त्यांनाही लागतो. फरक सापडलाय तो लक्ष देण्यात: नजरेच्या कडेला काही हललं की त्यांचं लक्ष तिकडे जास्त पटकन जातं, समोर बघत असतानाच. पॉइंट गार्डला, म्हणजे टीमची चाल रचणाऱ्या प्लेअरला, आणखी काय हवं. उलट बाजूने एक तोटाही आहे. बॅलन्स सांभाळणारं इंद्रिय आतल्या कानातच असतं, त्यामुळे काहींच्या बाबतीत, विशेषतः मेनिन्जायटिसनंतर (मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) ऐकू येणं गेलं असेल तर, बॅलन्सवरही परिणाम झालेला असतो. अशा प्लेअरला हवेत वळून खाली उतरणं हे वेगळं शिकावं लागतं.

हिअरिंग लोकांच्या टॉप लेव्हलला कुणी पोचलंय का, हा प्रश्न हमखास येतो. पोचलेत. लान्स ऑलरेड २००८ मध्ये क्लीव्हलँड कॅव्हलियर्सकडून एनबीएमध्ये उतरला, कायद्याच्या व्याख्येनुसार डेफ असलेला तिथला पहिला प्लेअर, मॅचेस मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच मिळाल्या. स्लोव्हेनियाचा मिहा झुपान यूरोलीग खेळला. आणि टमिका कॅचिंग्ज, तिला पूर्ण डेफ म्हणता येणार नाही, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, ती तर डब्ल्यूएनबीएमधल्या (बायकांची एनबीए) सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक, ऑलिंपिकची चार गोल्ड आणि २०१२ मध्ये इंडियाना फीव्हरला टायटल. लहानपणी शाळेत तिच्या मोठ्या हिअरिंग एडवरून पोरं एवढं चिडवायची की एके दिवशी घरी जाताना तिने ते काढून गवतात भिरकावून दिलं, आणि मग बरीच वर्षं तशीच काढली, कॉलेजला गेल्यावर कोच पॅट समिट यांच्या सांगण्यावरून परत लावायला लागली. ते मधले दिवस ती वर्गात कसं भागवत असेल? समोरच्या बाकावर बसून, ओठांवर डोळे लावून, आणि धडा आधीच वाचून येऊन. म्हणजे पुढे काय येणार हे आधी ओळखून ठेवायचं. कोर्टवर पासच्या मधे हात घालणाऱ्या प्लेअरला नेमकं हेच करावं लागतं, आणि ती निवृत्त झाली तेव्हा स्टील्समध्ये, म्हणजे समोरच्याचा बॉल हिसकावण्यात, डब्ल्यूएनबीएत सगळ्यांच्या पुढे होती.

ओठ वाचण्याबद्दल फार गैरसमज आहेत म्हणून थोडं सांगतो. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणा: पार, बार, मार. तिन्ही सेम दिसतात. आता क, ख, ग, ह म्हणून बघा, ओठ हलतच नाहीत, सगळं घशात चाललंय. म्हणजे अर्ध्याहून जास्त भाषा ओठांवर येतच नाही, उरलेलं माणूस अंदाजाने भरतो. त्यात समोरचा धावतोय, धापा टाकतोय, तोंडात माउथगार्ड आहे. "अरे पण त्याला ओठ वाचता येतात ना" असं म्हणून विषय संपवणाऱ्यांनी हा आरशाचा प्रयोग एकदा करावाच.

आणि शब्दाचंही एक. मूकबधिर हा शब्द बहुतेक डेफ लोकांना आवडत नाही, कारण मूक कोण आहे? बोलतायत की, हातांनी. कर्णबधिर हा कागदोपत्रीचा शब्द. आपापसात ते स्वतःला डेफच म्हणतात आणि आपल्याला हिअरिंग. हिअरिंग म्हणून कुणी आपली ओळख करून दिली की क्षणभर कसंतरीच होतं, आपल्यालाही काहीतरी लेबल आहे हे तोपर्यंत डोक्यात आलेलं नसतं.

मग हे लोक पॅरालिंपिक्समध्ये का नसतात? हा प्रश्न मलाही पडला होता. एक तर यांचं आधीचं आहे. १९२४ मध्ये पॅरिसला, यूजेन रुबेन्स-अल्के नावाच्या डेफ फ्रेंच माणसाच्या पुढाकाराने, नऊ देशांचे १४८ खेळाडू जमले, तीच आजच्या डेफलिंपिक्सची सुरुवात. बास्केटबॉल त्यात १९४९ ला आला, बायकांचा १९८१ ला, आणि ताजं उन्हाळी डेफलिंपिक्स २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोला झालं. डेफ संघटना काही वर्षं पॅरालिंपिक कमिटीत होतीसुद्धा, पण १९९५ मध्ये बाहेर पडली. मुद्दा असा होता की डेफ धावपटूच्या पायाला किंवा हाताला काही झालेलं नसतं, नियम बदलायला लागत नाहीत, पिस्तुलाऐवजी लाइट लावला की तो पळतो. त्याला लागतो तो इंटरप्रिटर, खेळाच्या गावात, जेवणाच्या टेबलावर, डॉक्टरकडे, सगळीकडे. आणि जिथे सगळेच साइन करतात तिथे तो लागतच नाही. हजार खेळाडूंमध्ये पन्नास डेफ म्हणून राहण्यापेक्षा सगळेच डेफ असलेली जागा त्यांनी निवडली. याची किंमत म्हणजे टीव्ही नाही, स्पॉन्सर नाही, प्रसिद्धी नाही, आणि मला विचाराल तर ही किंमत फार जास्त आहे, पण निवड कशी झाली ते समजतं.

ते समजण्यासाठी जेवणाच्या टेबलावर यावं लागेल. डेफ मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं हिअरिंग आईवडिलांच्या पोटी जन्मतात. बाकी बहुतेक संस्कृती घरातून येतात, आजीकडून आईकडे, आईकडून पोराकडे, ही मात्र घराबाहेर मिळते. घरी काय होतं, तर रात्री सगळे जेवायला बसलेत, काका काहीतरी बोलतात, आत्या मधेच तोडून काहीतरी टाकते, सगळे खो खो हसतात, आणि डेफ मुलगा एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे बघत राहतो, दरवेळी अर्धा सेकंद उशिरा. मग तो बहिणीच्या दंडाला हात लावून विचारतो काय झालं, आणि ती म्हणते, "काही नाही रे, नंतर सांगते." ते नंतर येत नाही. त्याच्यावर प्रेम नाही असं मुळीच नाही, जेवताना त्याच्या पानात पहिलं वाढलं जातं. याला डिनर टेबल सिंड्रोम असं नावच पडलंय. कोर्टवरचा मागून येणारा स्क्रीन आणि हा विनोद, माझ्या मते एकच गोष्ट आहे: तू दुसरीकडे बघत होतास तेवढ्यात होऊन गेलं.

म्हणून टीम महत्त्वाची. बऱ्याच पोरांनी मोठी, नोकरी करणारी, संसार असलेली, झरझर साइन करणारी डेफ माणसं पहिल्यांदा बघितलेली असतात ती शाळेत किंवा क्लबच्या टीममध्ये. यामागे इतिहासही आहे. १८८० मध्ये मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षणाची परिषद भरली, जवळपास सगळे हिअरिंग, आणि त्यांनी ठराव केला की शाळेत साइन बंद, फक्त बोलणं शिकवायचं. पुढची अनेक दशकं कितीतरी देशांत वर्गात हात हलवला की शिक्षा. भाषा टिकली ती हॉस्टेलमध्ये, दिवे गेल्यावर खिडकीपाशी, आणि मैदानावर, जिथे मास्तर लांब असायचे. डेफ लोकांचे स्पोर्ट्स क्लबही त्याच काळात उभे राहिले, बर्लिनमध्ये १८८८ ला. मिलानचे ते ठराव चुकीचे होते असं त्याच परिषदेने जाहीरपणे मान्य केलं, २०१० मध्ये. १३० वर्षांनी.

सगळं गोडगोड आहे असंही नाही. डेफ दुनिया छोटी असते, सगळे सगळ्यांना ओळखतात, गावकीसारखं, सकाळचं भांडण संध्याकाळपर्यंत तीन शहरांत पोचलेलं असतं. इम्प्लांट केलेल्या, साइन उशिरा शिकलेल्या मुलाला "हा पुरता आपल्यातला नाही" असं जाणवून दिलं जातं, आणि हिअरिंग जगात तो आधीच पुरता बसलेला नसतो. अशा मुलांना पुष्कळदा खेळच आत घेतो, कारण तीन-पॉइंटर बसत असेल तर तुझं साइन कच्चं आहे हे कोण बघतंय.

बाकी सवयी मात्र शिकण्यासारख्या आहेत. कुणाला हाक मारायची तर खांद्यावर टपली, किंवा लाकडी फ्लोअरवर पाय आपटायचा, कंप पोचतो, किंवा लाइट दोनदा बंद-चालू. गप्पांना गोल करून बसायचं, मधे उंच फुलदाणी असेल तर आधी ती उचलायची. टाळ्या म्हणजे दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. प्रत्येकाचं साइनमधलं नाव वेगळं असतं, ते स्वतः ठेवायचं नसतं, दुसऱ्या डेफ माणसाने द्यायचं असतं, आणि गालावरच्या तिळावरून ठेवलं तर ठेवलं, तक्रार चालत नाही. रात्री मॅचहून परत येताना बसमध्ये आतला लाइट चालू ठेवावा लागतो, कारण अंधारात बोलता येत नाही, आणि नवीन ड्रायव्हरला हे दर थांब्याला परत सांगावं लागतं.

निरोप घ्यायला तर तासतास लागतो. हिअरिंग माणूस जाता जाता, पाठ फिरवून, जिन्यावरून ओरडून आणखी चार वाक्यं बोलू शकतो, यांची पाठ फिरली की संपलं, म्हणून कुणी पाठ फिरवायला तयार नसतं. मॅच संपते, आंघोळी होतात, बॅगा खांद्यावर चढतात आणि तरी सगळे दारात उभे. हॉलवाला येतो, घड्याळ दाखवतो, कुणी बघत नाही. शेवटी तो वैतागून मेन स्विच बंद करतो, तेवढं मात्र सगळ्यांना एकदम कळतं, मग घोळका बाहेर पडतो, इकडे तिकडे बघतो, आणि रस्त्यावरच्या पहिल्या चालू दिव्याखाली जाऊन परत गोल करून उभा राहतो.